कूलर बंद करून

"किती वॅटचा दाखवू?" मुर्तझाभाईंनी विचारलं
माझ्या भाच्याला.
ग्रॅच्युइटी माझी, कान माझे,
पुष्करनं फक्त स्कूटर चालवली होती
धंतोलीपासून सदरपर्यंत
तोंडाला दुपट्टा बांधून, मे महिन्यात, भर बारा वाजता.

मी म्हटलं, भाऊ, इकडे बोला.
एकतीस वर्षं हायकोर्टात लघुलेखिका होते.
वकिलाला मुद्दा सापडत नसला
की "विथ ग्रेट रिस्पेक्ट"च्या आधी
तो एक छोटा श्वास घेतो.
लिहायचा नसतो तो. ऐकू मात्र येतो.
तेवढा ऐकू येईल असं काही असेल तर दाखवा.

मुर्तझाभाई हसले नाहीत. चष्मा पुसला.
पोराला म्हणाले, "एसी बंद कर. दार लाव."

पहिली जोडी कमरेएवढी उंच.
डग्ग्यावर थाप पडली तशा माझ्या निऱ्या हलल्या.
पुष्कर म्हणाला, काय जबरदस्त आहे बे!
मला ते नवरदेवाच्या मामासारखे वाटले,
प्रत्येक गोष्टीत सगळ्यांच्या आधी बोलणारे.

दुसरी जोडी परदेशी, इतकी लख्ख
की गायिकेच्या बांगड्या मोजता आल्या,
गायिका कुठे दिसेना.

मग कापडाखालून निघाला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर,
काचेचे चार दिवे, समईच्या वातीएवढे.
खोटं कशाला बोलू, आवाज असा
की घशात गूळ विरघळल्यासारखं झालं.
वर हात धरला. पापड भाजला असता.
बाहेर शेहेचाळीस, आणि हा घरात आणायचा?
थंडीत येते, म्हटलं. दोघांनाही माहीत होतं, येणार नाही.

तिसरी जोडी वापरलेली.
कामठीच्या कुणा डॉक्टरांनी विकायला ठेवलेली,
उजव्या खोक्यावर खाली, लहान मुलाच्या उंचीवर,
खिळ्यानं कोरलेला एक वाकडा "अ".
तिला जोडला साधा चाळीस वॅटचा अँप, बटणं दोनच.
आणि दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी
तिनं श्वास घेतला.
नाकातून. सर्दी असावी त्या दिवशी.

"मावशी, चाळीसच? ऐंशीचा घे ना."
"भाऊ, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही,"
मुर्तझाभाई म्हणाले, "तीन डेसिबल. म्हणजे
कुजबुजणारी शेजारीण जरा पुढे सरकली, एवढंच."
पावती करता करता थांबले.
"देवतळे मॅडम, घरी कूलर आहे?"

आहे ना. खिडकीत. तीन बाजूंनी वाळा.
सुरू झाला की बडनेऱ्याची मालगाडी निघते खोलीतून.
त्याच्यावर मात करणारा अँपही होता त्यांच्याकडे,
नाही घेतला.

दहा बाय बाराची खोली.
आठ दिवस स्पीकर सरकवत राहिले, वीतभर पुढे, बोटभर आत.
खर्जाचा सा लागला की लोखंडी कपाटाची किल्ली
कुलपात थरथरायची.
आता किल्ली काढून उशीखाली ठेवते.

रात्री साडेदहाला कूलर बंद.
वाळ्यावरून ठिबकणारं पाणी हळूहळू थांबतं,
मानेवर घाम सुटतो,
मग ती येते. समोर, जरा डावीकडे बसते.
बंदिशीचे शब्द आले
की माझं बोट मांडीवर आपोआप चालू लागतं,
रेघा, आकडे, अर्धवर्तुळं, जुनी सवय.
आलापाशी अडतं.
लघुलेखनात "आ" म्हणजे एक ठळक ठिपका.
एवढ्या लांब "आ"ला किती ठिपके द्यायचे,
कुणी शिकवलं नव्हतं.
बोट तसंच टेकलेलं राहतं, गाऊनवर ओला ठसा उमटवत.

वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही निभत.
उठते, बटण दाबते.
कूलर आधी घसा साफ करतो,
एक छोटा श्वास घेतो,
आणि युक्तिवाद सुरू.